उशिरा ऐकणारी गाडी

कागद भावाने आधीच लिहून ठेवला होता. ताईने खाली सही करायची, एवढंच काम उरलं होतं. व्यायामशाळेचे आठ आरसे शनिवारी त्यांच्याच फाटकाच्या खांबाला पिकअप घासून फुटले, आणि ते ‘चालकाच्या हलगर्जीपणामुळे’ फुटले, असं त्यात होतं. भावाचं अक्षर लहानपणापासून सुंदर. खोटं लिहितानाही ते बिघडत नसे.

“ताई, त्यांना लेखी खुलासा हवाय,” भाऊ म्हणाला. “उगाच वाद कशाला? सही कर आणि सोमवारपासून काउंटरवर बस. तुझंही वय झालं आता.”

“मी सत्तेचाळीसची. तू त्रेचाळीसचा. तुझं कधी होणार?”

भाऊ हसला नाही. हसण्यावारी न्यायचं नाही, असं तो ठरवूनच आला होता.

दुकान काचेचं. तावदानं, टेबलाच्या काचा, आरसे. वडिलांच्या मागे दुकान दोघांचं झालं, पण गल्ल्यामागची खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर भाऊ बसला. ताईने तेव्हा चकार शब्द काढला नाही, कारण तिला ती खुर्ची नकोच होती. तिला पिकअपची सीट हवी होती. मागच्या हौद्यात काचा उभ्या ठेवायचा लोखंडी घोडा, त्याला दोन्ही बाजूंनी टेकवलेल्या काचा, आणि पुढे स्टेअरिंगवर ती. अकरा वर्षं तिने अशी माणसांच्या घराघरांत काच पोहोचवली होती आणि एका कोपऱ्याचा टवकासुद्धा उडू दिला नव्हता. शनिवारपर्यंत.

आता सोमवारपासून गाडी कोण चालवणार, हे विचारायची गरज नव्हती. भावाचा मेहुणा दोन महिने दुकानात येऊन बसत होता. त्याला सगळे पायलट म्हणत, कारण तो स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा. काळा चष्मा, बोटात फिरणारी कुठलीतरी किल्ली, आणि कुठलीही गाडी दिसली की “आपण हिच्या मोठ्या बहिणीला चालवलंय” हे ठरलेलं वाक्य. मनाने वाईट नव्हता. त्याला काम हवं होतं आणि त्याची बहीण भावाच्या घरात होती, एवढीच गोष्ट.

“गाडीत बिघाड आहे,” ताई म्हणाली. “पाच महिने सांगतेय.”

“तीनदा दुरुस्त झाली ना. तिन्ही कार्डं इथेच आहेत.” भावाने ड्रॉवरमधून गॅरेजची कार्डं काढून काउंटरवर पसरली. “हे बघ. ‘ओढते.’ दुरुस्त. ‘ओढते.’ दुरुस्त. ‘ओढते.’ दुरुस्त. आता गाडी ठीक असेल तर उरलं काय? हात बघ तुझे. थकलेत ते.”

ताईने हात पाहिले. पाहायला नको होते, पण पाहिले. मग तिने कागदाची घडी घातली, सही न करता ती खिशात टाकली आणि म्हणाली, “उद्या देते.”

खरं म्हणजे सगळा घोळ त्या ‘ओढते’मध्ये होता.

पाच महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा गॅरेजमध्ये गेली तेव्हा तिने मिस्त्रींना नीट सांगितलं होतं, “वळवलं की लगेच वळत नाही. क्षणभर थांबते, मग वळते. सरळ करतानाही तसंच. उशिरा ऐकते.”

मिस्त्री म्हणजे गॅरेजचे मालक. पन्नाशीचा, जाडजूड, हुशार माणूस, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना कोणी सांगायला लागत नसे. त्यांच्या कार्डावर स्टेअरिंगच्या तक्रारीसाठी तीन चौकोन छापलेले होते. ओढते, थरथरते, जड जाते. त्यांनी पेन कानावरून काढलं आणि हसले.

“उशिरा ऐकते? आमची घरची पण उशिराच ऐकते, ताई. तिचं काही करता आलं नाही, हिचं बघतो.”

गॅरेजमधले सगळे हसले. मिस्त्रींनी ‘ओढते’पुढे खूण केली आणि ओढणाऱ्या गाडीचा इलाज केला, म्हणजे चाकांची अलाइनमेंट. दुसऱ्या वेळी पुन्हा ‘ओढते’, म्हणून चाकं जोडणाऱ्या दांड्यांची टोकं बदलली. तिसऱ्या वेळी स्टेअरिंगचा डबा चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, ज्या बोल्टांनी बसवलेला असतो ते पान्याला लांब पाइप लावून आवळले. दर वेळी गाडी लिफ्टवर चढवायची, अधांतरी चाक धरून हलवायचं आणि म्हणायचं, “एकदम टाइट!” दर वेळी चार दिवस बरे जात. पाचव्या दिवशी भरल्या गाडीने वळताना ती अर्ध्या क्षणाची थबक पुन्हा हाताला लागायची. शनिवारी फाटकातून आत वळताना तो अर्धा क्षण खांबाएवढा निघाला.

आणि गॅरेजच्या दारावर एक पाटी होती. ‘गाडी रिकामी करून आणावी.’ काचवाल्यांना तर ही पाटी वाचायचीही गरज नव्हती. काच भरलेली गाडी गॅरेजमध्ये कोण नेईल? त्यामुळे तिन्ही वेळा ताईने स्वतःच गाडी झाडूनपुसून रिकामी करून नेली होती. हे तिच्या डोक्यात त्या रात्री जेवताना आलं, आणि घास तोंडात तसाच राहिला. गाडी ज्या अवस्थेत आजारी पडते त्या अवस्थेत ती कोणाला दाखवलीच नव्हती. तिला स्वतःचा असा राग आला की उरलेलं ताट तिने तसंच सारलं.

सकाळी दुकान उघडताच तिने दोन्ही कामगारांना मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे तपकिरी रंगाच्या जाड काचा तीन वर्षं टेकून उभ्या होत्या. हल्ली याचीच फॅशन आहे, म्हणून भावाने हौसेने मागवल्या होत्या. फॅशन दुकानापर्यंत काही पोहोचली नाही.

“या सगळ्या घोड्यावर चढवा.”

“कुठे द्यायच्यात, ताई?”

“कुठेच नाही. हवा खायला नेतेय.”

गॅरेज दोन चौक लांब. ती चारही दिवे लुकलुकत ठेवून माणसाच्या चालीने निघाली. मागचे लोक भोंगे वाजवत होते, एकाने शेजारून जाताना “बाई, चालत जा!” असं ओरडून सांगितलं. तिने त्याला हात दाखवला. भरल्या गाडीतला तो अर्धा क्षण आज प्रत्येक वळणाला भेटत होता. गॅरेजच्या तोंडाशी तिने गाडी आडवी लावली, अशी की ना आतली गाडी बाहेर निघेल, ना बाहेरची आत शिरेल. इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली, त्या कागदाशेजारी.

मिस्त्री हात पुसत धावत आले. “अहो ताई! पाटी वाचली नाही का?”

“वाचली. म्हणूनच भरून आणली.”

“काच फुटली तर मी जबाबदार नाही हं!”

“कोणीच कशाला जबाबदार नसतं, ते आलंय आता लक्षात,” ताई म्हणाली. “कार्ड काढा. तीन चौकोन सोडा. खालच्या कोऱ्या जागेत मी सांगते ते लिहा. उशिरा ऐकते.”

“पुन्हा तेच! ताई, असा रोग नसतो.”

“रोग कुठला ते तुम्ही शोधा. त्रास काय होतो ते मी सांगणार. डॉक्टरकडे पोट दुखतं म्हणून गेलं आणि त्याने डोकं दुखतं असं लिहून घेतलं, तर औषध कुठलं लागू पडेल?”

मिस्त्रींनी तिच्याकडे न बघता भावाला फोन लावला. दहा मिनिटांत पायलट हजर झाला. भावाने त्याला गाडी परत आणायला पाठवलं होतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तळहात पुढे केला.

“ताई, चावी द्या. दाजींनी सांगितलंय.”

“चावी मिळणार नाही. सीट मिळेल. सोमवारी बसणारच आहेस, आजच बस.”

एव्हाना मागे तीन गाड्या अडकल्या होत्या आणि त्यांचे मालक मिस्त्रींना फैलावर घेत होते. ताई गाडीतून उतरली, मिस्त्रींसमोर उभी राहिली आणि खिशातला कागद काढून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी तो वाचला.

“एक तास द्या,” ती म्हणाली. “गाडी लिफ्टवर चढवायची नाही. चाकं जमिनीवर, काच मागे, इंजिन चालू. हा स्टेअरिंग फिरवेल, तुम्ही खालून बघा. काही सापडलं नाही, तर यावर इथेच तुमच्यादेखत सही करते आणि पुन्हा जन्मात गाडीला हात लावत नाही. पण तीनदा तुमच्या पद्धतीने झालं. आता एकदा माझ्या.”

मिस्त्रींना शिकवलेलं खपत नसे. पण त्यांनी तो कागद वाचला होता, आणि आपल्या ‘एकदम टाइट’चा उपयोग कशासाठी झालाय हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. त्यांनी कार्ड काढलं. तिन्ही चौकोनांवर आडवी रेघ मारली आणि खाली तिचे दोन शब्द लिहिले. मग चटई अंथरून, दिवा घेऊन ते पुढच्या चाकाशी गाडीखाली सरकले.

ताईने खिडकीतून हात घालून गाडी सुरू केली. पायलट दिमाखात स्टेअरिंग फिरवू लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

“काही नाही,” खालून आवाज आला. “सगळं टाइट आहे.” थोड्या वेळाने, “नाही, डबा किंचित हलल्यासारखा वाटतो. पण इथे मळाचा इतका थर आहे की... छे. भास असेल.”

“भास असेल तर धुऊन टाकू,” ताई म्हणाली.

सीटखाली तिची पिशवी असायची. त्यात एक रॉकेलची बाटली, कारण काच कापायच्या हिऱ्याचं टोक रॉकेलमध्ये बुडवल्याशिवाय रेघ नीट उमटत नाही. आणि खडूच्या पुडीचा डबा, कारण आरसा बसवल्यावर त्यावरचे बोटांचे ठसे त्या पुडीशिवाय निघत नाहीत. काचवाल्यांच्या घरात या दोन वस्तू मिठासारख्या पडलेल्या असतात. आणि त्या दोन्ही एकत्र कधी वापरायच्या, हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. जाड काच जुनी असेल आणि तिच्यात तडा असल्याचा संशय असेल, पण डोळ्याला दिसत नसेल, तर आधी रॉकेल फासायचं. मग कोरडं पुसायचं आणि वर खडू भुरभुरायचा. तडा असेल तर त्याच्या पोटात गेलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर रेघ काढतं.

ती पाठीवर पडून मिस्त्रींच्या शेजारी सरकली. ते अंग चोरून बाजूला झाले. तिने स्टेअरिंगच्या डब्याभोवतीचा सगळा मळ रॉकेलच्या चिंध्यांनी घासून काढला. लोखंड उघडं पडेपर्यंत घासला. पुन्हा रॉकेल फासलं, थोडं थांबली, कोरड्या फडक्याने खसखसून पुसलं आणि खडूची पूड फुंकली. चासीचा तो तुकडा पांढराशुभ्र झाला.

“हे काय रंगकाम?” मिस्त्री पुटपुटले.

“गप बघा. पायलट, फिरव! पूर्ण डावीकडे!”

काही दिसलं नाही.

“पूर्ण उजवीकडे!”

पांढरं ते पांढरंच. दाराशी अडकलेले गाडीवाले वाकून बघत होते, कोणीतरी हसलं. तिला वाटलं, झालं, आता सही. पाच महिने ही मंडळी म्हणतात तेच खरं असेल. मग तिचा तिलाच संताप आला आणि तिने आणखी वरच्या पट्टीत ओरडून सांगितलं, “डावीकडे! टोकाला नेऊन दाबून धर, सोडू नकोस!”

बोल्टाच्या भोकापासून एक काळी रेघ निघाली. केसाएवढी. ती खाली सरकली, तिरकी झाली आणि वीतभर गेली. पायलटने स्टेअरिंग उलटं फिरवलं तशी ती मिटली. पुन्हा डावीकडे फिरवलं, तशी उघडली, आणि या वेळी इतकी की आत चासीची दुसरी भिंत दिसली.

“बंद कर!” मिस्त्री किंचाळले. “इंजिन बंद कर! स्टेअरिंगला हात लावू नकोस!”

गाडीखाली दोघं शेजारी शेजारी पडून राहिली.

“चासी फाटलीय,” मिस्त्री अखेर म्हणाले. आवाज पार उतरला होता. “लिफ्टवर चाकं अधांतरी असतात, ताई. डब्याला कोणी विरोधच करत नाही, मग तडा उघडणार कसा? खाली वजन आलं, टायरने जमीन धरली, की डबा चाकाला ढकलायच्या आधी चासीलाच वाकवतो. आधी चासी वाकणार, मग चाक वळणार.”

“म्हणजे उशिरा ऐकणार.”

“म्हणजे उशिरा ऐकणार,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आणि मागच्या खेपेला मी पाइप लावून बोल्ट आवळले ना. त्याने हा वाढलाय. माझ्या हाताने वाढलाय.”

हे ते तिला सांगायला बांधील नव्हते. तिने मान हलवली. माफ केलं नाही, पण ऐकून घेतलं.

दोघं बाहेर आली. ताईने खिडकीतून हात घालून चावी काढली आणि पुन्हा खिशात टाकली. पायलट खाली उतरून गाडीपासून चार हात दूर उभा होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. चष्मा कपाळावरून खाली पडला होता, तो त्याने उचलला नव्हता.

“सोमवारी मला डोंगरावरच्या हॉटेलच्या काचा न्यायच्या होत्या,” तो म्हणाला. “माझ्या दोन्ही पोरांना म्हटलं होतं, चला पुढे बसून, मजा येईल.”

ताईला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. इतके दिवस ती भांडली ती स्वतःच्या सीटसाठी. काल सही केली असती, तर ती सुखाने काउंटरवर बसली असती आणि त्याची दोन पोरं डोंगरातल्या त्या वळणांवर गेली असती. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि कोणी बघतंय की नाही याची पर्वा न करता तोंडावर पाणी मारलं.

भाऊ स्कूटरवरून आला तो रागातच. गर्दी बघून त्याचा पारा आणखी चढला. पण मिस्त्रींनी त्याला दंडाला धरून गाडीखाली वाकवलं, दिवा धरला, आणि पांढऱ्यावरची रेघ दाखवली. तो वर आला तेव्हा चेहरा उतरला होता. पण माणूस दुकानदार. लगेच सावरला.

“चला, सापडलं ते बरं झालं. आता पट्टी मारून वेल्डिंग करून घेऊ. ताई, तू म्हणत होतीस ते बरोबर निघालं. गाडी तूच चालव. झालं, विषय संपला.”

“तुझा संपला असेल,” ताई उठून म्हणाली. “माझा नाही. तुला माहितेय, पाच महिने मी काय करत होते? रोज सकाळी काठोकाठ भरलेला पेला हातात धरून स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालत होते. पाणी सांडतं का बघायला. एक थेंब सांडला तर दिवसभर रडायला यायचं. एकटीच डॉक्टरकडे जाऊन हात तपासून आले. ते म्हणाले, हात उत्तम आहेत. तरी मला खरं वाटलं नाही. कारण तुझ्याकडे तीन कार्डं होती. माझ्या बोटांना कळत होतं ते मी खोटं धरलं आणि तुझ्या कार्डावरची खूण खरी धरली. हे बरं झालं म्हणतोस?”

भाऊ खाली बघू लागला. “चुकलं माझं. फाडून टाक तो कागद.”

“फाडायचा कशाला? व्यायामशाळेवाल्यांना खुलासा हवाय ना लेखी? अक्षर इतकं छान आहे, वाया कशाला घालवू?”

तिने मिस्त्रींच्या कानावरचं पेन काढलं, कागद बॉनेटवर पसरला आणि ‘चालकाच्या हलगर्जीपणामुळे’ या शब्दांशी थांबली. ‘चा’ खोडला. वर ‘मा’ लिहिला. बाकी एका अक्षरालाही हात लावायची गरज पडली नाही. मालकाच्या हलगर्जीपणामुळे.

“कर सही.”

“ताई, दुकानाची अब्रू जाईल.”

“काल माझी जात होती तेव्हा तू पेन पुढे केलं होतंस. आज मी करतेय. चावी माझ्या खिशात आहे आणि ही गाडी गॅरेजच्या दारात आडवी आहे. मला घाई नाही. या सगळ्यांना असेल तर त्यांना विचार.”

अडकलेले तिघं गाडीवाले एका सुरात म्हणाले, “करा हो सही!”

भावाने सही केली. सहीसुद्धा सुंदर आली.

आता वेल्डिंगसाठी काचा उतरवणं भाग होतं. पायलट पुढे आला, पण त्याचं लक्ष अजून त्या रेघेतच होतं, म्हणून ताईने त्याला बाजूला बसवलं. भाऊ बाह्या सरसावून हौद्यापाशी आला आणि सवयीने काचेच्या पुढच्या टोकाला उभा राहिला. काच दोघांनी उचलायची तर बोलायचं एकानेच, पुढच्या टोकाला असेल त्याने, हा त्यांच्या धंद्यातला नियम. दुसऱ्याने विचारायचं नाही, अडायचं नाही, सांगेल तेव्हा उचलायचं, सांगेल तिथे वळायचं. वडील गेल्यापासून पुढचं टोक भावाचं होतं.

“तू मागे जा,” ताई म्हणाली.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग मागे गेला.

तिने काचेखाली बोटं सारली. पेल्यातल्या पाण्याची आठवणही झाली नाही.

“उचल,” ती म्हणाली, आणि भावाने उचललं.